उभ्या रेघांचा दगड

"मी इथून पडले तर झेलशील का?"

हा प्रश्न माझा नव्हता, आईशप्पथ! पैज रेडिओची होती. रेडिओ म्हणजे माझी जिवलग मैत्रीण, कधीच बंद न होणारी. शाळेची सहल तटबंदीच्या गावात आली होती. सातशे वर्षांची भिंत अजून गावाला कवेत घेऊन उभी, आत चिंचोळ्या गल्ल्या, खिडक्यांत कुंड्या, आणि चक्क माणसं राहतात! तटावरून चालताना खाली तो दिसला. आमच्याच वयाचा, छिन्नीने दगड घडवत बसलेला, केस चुन्याने पांढरे.

"चुनखडी!" रेडिओने बारसं उरकलं. "विचार त्याला. गेल्या वर्षीची तू असतीस तर मी म्हटलंच नसतं."

हे मात्र झोंबलं. गेल्या वर्षीची मी हजेरीला 'हजर' म्हणतानाही लाल व्हायची. म्हणून वाकले... आणि विचारून टाकलं.

त्याने डोळे बारीक करून वर पाहिलं. "दप्तरासकट की दप्तराशिवाय?"

"दप्तरासकट!"

"मग नाही जमायचं. दप्तर आधी टाक."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मी मात्र जिना उतरून थेट त्याच्यासमोर.

दप्तर खरंच जड होतं. त्यात दहावीनंतर काय, याचा फॉर्म होता. सोमवारी द्यायचा. बाबांनी 'विज्ञान' असं पेन्सिलीने लिहूनही ठेवलेलं, मी फक्त पेन फिरवायचं. आणि मला काय हवंय... ते मलाच माहीत नव्हतं.

"हा दगड कुठे बसणार?" मी विचारलं.

त्याने भिंतीतलं खिंडार दाखवलं. "दोन दिवस घडवतोय. आत्या इथली मुख्य मिस्त्री. हा जमला, तर पुढचे दगडही मीच बसवायचे."

दगड देखणाच होता. पण काहीतरी खटकत होतं. मी भिंतीकडे पाहिलं, पुन्हा दगडाकडे.

"एक विचारू? भिंतीतल्या सगळ्या दगडांच्या रेघा आडव्या आहेत. वह्या रचून ठेवल्यासारख्या. तुझ्याच उभ्या का?"

त्याचं हसू मावळलं. त्याने दगडावर हात फिरवला आणि स्वतःच हाक मारली, "आत्या, जरा ये."

लपवलं नाही. इथेच माझं काळीज जरा... असो!

आत्यांनी अंगठ्याने रेघा चाचपल्या. "बरोबर बोलते ही. उभ्या रेघांत पाणी मुरलं असतं आणि दहा वर्षांत पापुद्रे सुटले असते. हा बाद, नवा घे." मग माझ्याकडे वळल्या. "तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. दिसलं."

"मला दिसायला तीन वर्षं लागली, पोरी! वेशीजवळ आमची शाळा आहे. जुन्या भिंती दुरुस्त करायला शिकवतो. दहावीनंतर ये."

"वा रे न्याय!" तो म्हणाला. "दगड माझा गेला आणि आमंत्रण हिला!"

"रागावलास?"

"रागावणार होतो..." तो कानापर्यंत लाल झाला, चुन्यातूनही दिसलं. "पण तू रेघा बघत होतीस आणि मी तुला. रागवायचं राहूनच गेलं."

त्याने हात पुढे केला, मी मिळवला, आणि माझी बाही पांढरी झाली.

बस सुटली तेव्हा तो वेशीपर्यंत धावत आला. "ए! झेललं असतं — दप्तरासकट!"

अख्ख्या बसने शिट्ट्या मारल्या. रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प.

घरी पोचले आणि बूटही न काढता फॉर्म टेबलावर ठेवला. 'विज्ञान' खोडलेलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. दहावी झाली की त्या गावातल्या शाळेत जाणार. जुन्या भिंती सांभाळायला शिकणार."

बाबांचा चष्मा नाकावर घसरला. "म्हणजे दगड फोडणार?"

"फोडणार नाही, बाबा. बसवणार. आणि नीट बसवणार, कारण मला ते दिसतं!"

आईची नजर माझ्या बाहीवर. "आणि हा चुना कुणाचा गं?"

"त्याचंही सांगते," मी खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "पण आधी दगड."