काळ्या मातीला चालेल असं मशीन

सांडली! अर्धी पिशवी काळी माती दुकानाच्या चकचकीत फरशीवर सांडली... आणि तीही नेमकी कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र बुटांवर.

"अवो बाई, हे दुकान हाये का वावर?" बुटांचा मालक म्हणाला.

"एवढे पांढरे बूट घालून यवतमाळात फिरायले तुमाले कोनं सांगतलं?"

चूक माझीच होती. पण चूक कबूल करायची सवय मला लहानपणापासून नाही. मी मान वर करून पाहिलं, तर तो हसत होता. मग मला जास्तच राग आला.

दुकान दत्त चौकाजवळचं. इन्व्हर्टर आणि कॅमेरे विकणाऱ्या राजकुमारशेठनी माझ्यासाठी तीन मेटल डिटेक्टर मागवून ठेवले होते. आणि माती मी मुद्दाम आणली होती, आमच्याच वावरातली. झाकण घ्यायला जाताना भांडं सोबत न्यावं, तसं. मातीत एक पितळी घंटी पुरून ठेवली होती. जे मशीन ती घंटी ओळखेल ते माझं.

घंटीच का? तर आम्ही बंजारा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बोरी अरबच्या पलीकडे, नाल्याकाठी, जिथं त्यांचा मुक्काम पडायचा तिथंच आज आमचं वावर आहे. वखरणी केली की बैलांच्या गळ्यातली एखादी घंटी वर येते. मैत्रिणी बांगड्या जमवतात, मी घंट्या जमवते. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

"ताई, लेडीज लोकांसाठी हे हलकं बरं," राजकुमारशेठ म्हणाले.

हलकं मशीन मातीवर धरलं आणि ते जे केकाटायला लागलं ते थांबेचना. आमच्या काळ्या मातीच्या अंगातच लोखंड आहे, साध्या मशीनला मातीच धातू वाटते. दुसरं मशीन पाच फूट खोल पाहणारं. त्याची तबकडी परातीएवढी, वजन एवढं की दहा पावलांत खांदा भरून यावा. शिवाय ते हंडे आणि पिंप शोधणार, लिंबाएवढी घंटी त्याच्या खिजगणतीत नाही. तिसऱ्याची तबकडी लहान होती. ते आधी मातीशी जुळवून घ्यावं लागायचं. बटण दाबून मी ते मातीवर खालीवर केलं. कुरकुर थांबली. मग हळूच पिशवीवरून फिरवलं, आणि... टुंग!

मी हसले. तोही हसला. एवढा का हसला कोण जाणे!

"मंग थे पाच फुटाचं मले द्या," तो शेठना म्हणाला.

"तुमाले कायले पाह्यजे?" मी विचारलं.

"बोअरचा पाइप... म्हंजे... तसंच जरा."

"गुप्तधन?"

त्याचे कान लाल झाले. "मी नाई वो, माहे आजोबा. नानाजी. गोठ्याखाली सोन्याचा हंडा हाये म्हन्ते."

"सापडला तरी तहसीलात जमा करा लागते."

"थेच त सांगून राह्यलो त्याइले. ऐकतच नाईत."

त्याचं नाव नयन. बाभुळगावचा, घरी सोयाबीन आणि तूर. मशीन चालवायला शिकायचं म्हणून त्यानं माझा नंबर मागितला. मी दिला. का दिला? बुटांची दया आली म्हणून. दुसरं काय!

पंधरवड्यानं फोन आला.

"हंडा नाई निंगाला. वखराची पास निंगाली, लोखंडाचं पातं, हरवलेली. नानाजी त्याच्यातच खूश. आता मशीन रिकामं हाये... मीबी."

"मंग?"

"येऊ का तुमच्या वावरात?"

"या. पन थे पाच फुटाचं आनू नोका. हात आना."

आणि रविवारी तो खरंच आला. कापसाची पऱ्हाटी निघाली होती, वावर मोकळं होतं, धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, पळस लालभडक फुलला होता. मी मशीन फिरवायची, तो खुरपीनं उकरायचा. तो जवळ आला की मशीन वाजायचं.

"पाह्य, मी आलो का हे कसं नाचते!" तो ऐटीत म्हणायचा.

"हातात कडं हाये तुह्या. जास्त हुशारी नोको करू."

पुढच्या रविवारी तो कडं काढून आला. मशीन तरीही वाजलं. पट्ट्याच्या बक्कलानं! मी पोट धरून हसले, आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

एक युक्ती माझीच. आधी सगळा पट्टा फिरायचा आणि जिथं वाजेल तिथं चिमूटभर हळद टाकायची. काळ्या ढेकळांत पिवळी खूण लांबून दिसते. उकरायचं नंतर, सावकाश. हळदीची पुडी नयनकडे असायची. एकदा घाम पुसताना त्याचा पिवळा हात माझ्या मनगटाला लागला.

"हळद लागली तुले," तो म्हणाला.

"तुलेबी..."

ऊन डोक्यावर होतं आणि मला गार वाटत होतं. आवडला होता तो मला. सरळ सांगते, फार आवडला होता. फक्त त्याला सांगितलं नव्हतं.

त्या हळदीनंच घात केला. सरपणाला निघालेल्या बायकांनी पाहिलं, वावरात हळद, खड्डे आणि परका पोरगा. झालं! तांडाभर बातमी, अमरसिंगची पोरगी हळदीची पूजा मांडून गुप्तधन काढून राह्यली. पुढच्या रविवारी दुपारी सगळा तांडा आमच्या धुऱ्यावर उभा. पुढे तांड्याचे नायक गुलाबसिंग. मागे माझा बाप खाली मान घालून, आणि याडी, म्हणजे माझी आई सुखीबाई, पदर तोंडाला लावून. आमच्यात गोरबोली चालते, पण नायक मुद्दाम मराठीत बोलले. नयनला कळावं म्हणून.

"मशीन माह्या घरी जमा कर, बबिता. अमरसिंग, पोरगी घरात बसन. अन् तू गा पोरा, पुन्हा इकडं दिसू नोको."

नयन पुढे व्हायला लागला. मी हात आडवा केला. माझं भांडण मला येतं.

"मशीन माह्या पगाराचं हाये, नायक. दारव्ह्याच्या सेंटरात लोकाइचे फॉर्म भरून घेतलं. वावर माह्या बापाचं. खड्डे मीच खोदले, मीच बुजवले. अन् हळद भाजीची हाये. पूजेची असती त लपून केली असती ना? भर उन्हात, साऱ्याइच्या डोळ्यापुढं कायले केली असती?"

"धरा," मी मशीन नायकांच्या हातात दिलं. "तुमीच फिरवा. वाजन तिथं तुमीच उकरा. हंडा निंगाला त मी जन्मभर घरात बसतो."

नायक मागेपुढे पाहत राहिले. पण एवढ्या लोकांत पोरीला घाबरले म्हणवून कसं घेणार? त्यांनी मशीन फिरवलं. वाजलं. गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः उकरलं आणि ढेकळातून एक घंटी वर आली. त्यांनी ती धोतराला पुसली, हलवली. आत खडे अडकले होते, तरी ती किणकिणली. माणसं पुढे सरकली. याडीच्या तोंडावरचा पदर खाली आला.

"आपल्या बैलाची," नायक हळूच म्हणाले. बराच वेळ ते तिच्याकडेच पाहत होते. मग उठले. "बरं. मशीन ठेव तू. घंट्या काढ. तांड्यातलं कोनी आडवं नाई येनार. पन हा पोरगा उद्यापासून नाई."

म्हणजे मी जिंकले होते! मशीन माझं, वावर माझं, रविवार माझे. फक्त त्याचे नाहीत. मी नयनकडे पाहिलं. तो खुरपी हातात घेऊन उभा होता आणि डोळ्यांनी सांगत होता, घे, मशीन घे, माझं राहू दे.

मला असा राग आला! माझ्या वतीनं ठरवणारा हा कोण?

"मंग मशीन ठेवून घ्या, नायक," मी म्हणाले. "मी नखानं माती उकरीन. पोरगा नाई सोडत."

धुऱ्यावर एकदम कुजबुज झाली.

"बबिता..." नयन कसाबसा बोलला. "मले त काई इचारलंच नाई तू."

"आता इचारून राह्यली ना! साऱ्याइच्या पुढं. आवडतो तू मले. तुले मी आवडतो का नाई? पटकन सांग, ऊन लागून राह्यलं."

"आवडते," तो म्हणाला. मग मोठ्यानं, नायकांकडे वळून, "लय आवडते. त्या दिवशी दुकानातच आवडली. तुमी कितीबी हाकला, मी येईन."

नायकांच्या हातातलं मशीन चालूच होतं. ते त्यांच्याच पायताणाच्या खिळ्यांवर किंचाळायला लागलं. त्यांनी ते इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, दोन-चार बटणं दाबली. आवाज आणखीच वाढला.

"बंद कसं होते वं हे?"

"नाई सांगत," मी म्हणाले.

पोरीबाळी फिदीफिदी हसायला लागल्या. आणि तेव्हा माझा बाप, जो इतका वेळ मातीकडे पाहत होता, तो चालत पुढे आला. नायकांच्या हातातून त्यानं मशीन घेतलं आणि माझ्या हातात दिलं. नायकांकडे त्यानं पाठ फिरवली. बोलला तो नयनशी.

"वावरात कायले उभा राह्यला गा? घरी चाल. चहा पी. बोलाचं थे घरात बसून बोलू."

मी मशीन बंद केलं. सगळ्या धुऱ्याच्या देखत नयनचा मातीनं भरलेला हात धरला आणि बापाच्या मागोमाग तांड्याच्या वाटेला लागले. याडी मागून ओरडली, "हात सोड वं, लोकं पाहून राह्यले!"

मी सोडला नाही.