रोजचे पाच थेंब

माझी बहीण रेवा माझ्याहून दीड वर्षाने लहान, पण चार बोटं उंच. आता सांगा, हे बरोबर आहे का?

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत सगळे जमिनीखाली राहतात. वर जायचं तर अंतराळपोशाख हवा, आणि सगळ्यात लहान पोशाख एकशे चाळीस सेंटिमीटर उंचीच्या मुलांचा. म्हणून यंदाच्या सहलीच्या यादीत रेवाचं नाव होतं. शाल्मलीचं, म्हणजे माझं, नव्हतं. उघड्या आकाशात पृथ्वी बघायला ती जाणार आणि मी घरी बसणार. माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्याकडे ऊन नाही. त्यामुळे दर रविवारी जेवताना आई प्रत्येकाच्या जिभेवर ‘ड’ जीवनसत्त्वाचा एक थेंब टाकते. “हाडं वाढतात त्याने,” ती म्हणते. एका थेंबाने वाढतात, तर पाच थेंबांनी किती वाढतील? दीड महिना मी चोरून रोज पाच थेंब घेतले.

उंची तसूभरही वाढली नाही. तहान मात्र वाढली. जेवण नकोसं झालं, पोट साफ होईना, मळमळायला लागलं आणि सारखी लघवी. तरी मी गप्प. रेवाला कळलं असतं तर ती हसली असती.

चुगली केली झारीने. झारी म्हणजे आमच्या वसाहतीचं पाणी शुद्ध करणारा यंत्रमानव. इथे लघवीचंही गाळून पाणी करतात. “नऊ नंबरच्या घरातल्या लघवीत कॅल्शियम फार आहे,” असं त्याने नंदाआत्याला कळवलं. ही माझी आत्या वसाहतीची डॉक्टर आहे. तिने आमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं आणि मला समोर बसवलं. मी सगळं सांगून टाकलं, जळफळाटासकट.

“पण जास्तीचं लघवीतून निघून जात नाही का?” मी विचारलं.

“‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, ते बरंचसं जातं. ‘ड’ विरघळतं चरबीत. ते अंगात महिनोन्महिने साठून राहतं. अन्नातलं कॅल्शियम (हाडं घट्ट करणारं खनिज) रक्तात आणणं हे त्याचं काम. ‘ड’ फार झालं की रक्तात कॅल्शियमही फार होतं. ते बाहेर टाकताना मूत्रपिंडांवर (रक्त गाळणाऱ्या अवयवांवर) ताण येतो, म्हणून तुझी ही तहान. असंच चाललं असतं तर तिथे खडे झाले असते, कदाचित ती कायमची बिघडली असती.”

“पृथ्वीवर तर मुलं दिवसभर उन्हात असतात.”

“उन्हात कातडी जास्तीचं ‘ड’ स्वतःच मोडून टाकते. बाटलीला तसा लगाम नाही. तिथे डॉक्टरने सांगितलं तेवढंच घ्यायचं.”

थेंब बंद झाले. दर आठवड्याला रक्ततपासणी आणि रोज भरपूर पाणी, असा उपाय ठरला. अडलं तिथेच, कारण इथे पाणी माणशी मोजून मिळतं.

“माझं आंघोळीचं पाणी ताईला द्या,” रेवा म्हणाली. तिने पंधरा दिवस नुसतं अंग पुसलं. सहलीलाही ती पारोशीच गेली.

परत आल्यावर मी विचारलं, “कशी होती पृथ्वी?”

“निळी. पुढच्या वर्षी बघशीलच तू.”

चार महिन्यांनी माझं रक्त ठीक झालं. आता पुन्हा रविवारी एक थेंब. रेवाचा हेवा मला अजून वाटतो, पण उंचीचा नाही. तिच्यासाठी मी पारोशी राहिले असते का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. दाराच्या चौकटीवर मी केलेल्या एकशे चाळीसच्या खुणेपर्यंत पोहोचायला मात्र आता तीनच सेंटिमीटर उरलेत.