अर्धी रेघ

गॅरेजमधली गाडी बाहेर काढायला गेजसाहेबांना चौतीस वर्षं आणि तीन दिवस लागले. चौतीस वर्षं नोकरीची. पंपांच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. मापल्याशिवाय एकही नग पुढे सोडायचा नाही या खाक्यामुळे सगळे त्यांना मागे गेज म्हणत, तोंडावर गेजसाहेब. निवृत्तीनंतरचे तीन दिवस गेले ते बायकोची समजूत काढण्यात.

"गाडी उन्हात करपेल," ती म्हणाली.

"कव्हर आणू."

"आणि माझे कपडे? मागच्या अंगणात वाळत घालायला मी गॅरेजमधूनच जाते. तुमच्या लोखंडावरून उड्या मारत जाऊ का?"

"मधून वाट ठेवतो. तीन फुटांची, मोजून."

"मोजालच तुम्ही," ती म्हणाली, आणि परवानगी मिळाली.

मग महिनाभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. भिंतींना पांढरा रंग दिला, दोन ट्यूब लावल्या, डाव्या हाताला जाड फळ्यांचं बाक ठोकून त्यावर काम घट्ट धरणारी व्हाइस बसवली. कोपऱ्यात ड्रिलिंग मशीन आलं. फलकावर प्रत्येक पान्याची जागा पेन्सिलीने आखून घेतली. उजव्या भिंतीची जागा मात्र रिकामी ठेवली होती. तिथे लोखंड कातायचा लेथ यायचा होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं काम तपासलं. आता स्वतः काहीतरी कातायचं, एवढीच त्यांची हौस होती.

लेथ मिळाला शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका टर्नरने घराच्या तळमजल्यावर त्यावर चाळीस वर्षं काम केलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि वर्षभरापासून बोलणंही थांबलं होतं. मुलीने लेथ विकायला काढला. मशीन बाहेर निघत होतं तेव्हा म्हातारा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"त्यांना सांगितलंय मी," मुलगी म्हणाली. "कळलं की नाही, कोण जाणे."

लेथ बसवायला कारखान्यातला जुना फिटर आला. खिशात सदैव दहा-अकराचा पाना असायचा, म्हणून त्याचं नावच दहा-अकरा पडलं होतं. दोघांनी मिळून मशीन जागेवर आणलं, पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या आणि गेजसाहेबांनी लाकडी पेटीतून सपाटी मापायची आपली लेव्हल काढली. सुताराकडे असते तसली नव्हे. हिच्या काचेवरची एक रेघ म्हणजे मीटरभर लांबीच्या टोकाखाली केसाचा चौथा हिस्सा सरकवण्याइतका फरक. लेथ इतका सपाट बसला नाही तर तो पिळतो, आणि पिळलेल्या लेथवर गोल काम निघत नाही.

दुपारी बायको चहा घेऊन आली आणि लेथसमोर उभी राहिली. लेथवर ठेवलेल्या लेव्हलच्या काचेतला बुडबुडा दोन रेघा सरकला.

"हे बघ," गेजसाहेब म्हणाले. "तू उभी राहिलीस तर कोबा वाकतो."

"माझं वजन काढायचं काही कारण नाही," ती म्हणाली.

"वहिनी, कुणीही उभं राहिलं तरी वाकेल," दहा-अकराने सावरून घेतलं. "ह्या लेव्हलपुढे सिमेंट म्हणजे गादी."

ती कप ठेवून गेली. बुडबुडा मध्यावर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेजसाहेब शटरजवळच्या स्टुलावर बसून वायरिंगची आकृती काढत होते. लेव्हल लेथवरच होती. सहज नजर गेली तर बुडबुडा मध्यावर नव्हता. अर्धी रेघही नसेल, पण सरकला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून दोन मिनिटं. चकत्या दाबून पाहिल्या, बोल्ट पाहिले. सगळं घट्ट होतं. साडेबाराला जेवायला उठताना पाहिलं, तर बुडबुडा मध्यावर.

ऊन असेल. शटर तापतं, कोबा फुगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शटरला बाहेरून ताडपत्री बांधली. दहाला बुडबुडा सरकला. साडेबाराला परत आला. दीडला पुन्हा सरकला, पाचला परत. रस्त्यावरच्या ट्रकचा धक्का असेल म्हणावं, तर ट्रक जेवणाच्या वेळीही जातच होते. रविवारी तो हलला नाही. सोमवारी दहाला पुन्हा सरकला.

गेजसाहेबांनी वहीत रकाने आखले. वेळ, तापमान, रेघा. वायरमनला त्यांनी पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं, मग त्याच्या पुढच्या. लेव्हल झाल्याशिवाय मशीनला वीज जोडायची नाही, हा नियम त्यांनीच कारखान्यात लोकांना शिकवला होता.

"दीड महिना झाला," दहा-अकरा फोनवर म्हणाला. "मूठभर कीस तरी निघाला का?"

"लेव्हल बसत नाही."

"अहो, मशीनही माणसासारखंच. नव्या घरात रुळायला वेळ लागतो त्याला. सोडून द्या थोडं."

सोडून देणं गेजसाहेबांना जमलं असतं तर त्यांना गेज कोण म्हणालं असतं? त्यांनी वाळूच्या लहान पिशव्या भरल्या, काट्यावर वजन करून प्रत्येकीवर आकडा लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे बुडबुडा मध्यावर असताना, कोब्यावर वेगवेगळ्या जागी मांडून पाहिल्या. दोन दिवसांत उत्तर आलं. लेथच्या डाव्या अंगाला, काम पकडणाऱ्या चकसमोर, टर्नर जिथे उभा राहतो नेमक्या त्या जागी अकरा किलो ठेवले की बुडबुडा नेमका तिथे जाऊन थांबत होता.

अकरा किलो. त्यांनी आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली.

पुढच्या सोमवारी तेरा किलो झाले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी सतरा.

बायको रोज त्याच वाटेने कपड्यांची बादली घेऊन जायची. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार काय?

शेवटी त्यांनी टर्नरच्या मुलीला फोन केला. तुमच्याकडे लेथच्या पायांखाली काय होतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"साधी फरशीच होती," ती म्हणाली. "बाबा पायाखाली एक फळी ठेवायचे, बस."

"कसे आहेत ते आता?"

"खरं सांगू का, मशीन गेल्यापासून त्यांना छान झोप लागते. आधी दिवसभर तळमळायचे. आता दहा वाजले की असे झोपतात, की हाका मारल्या तरी उठत नाहीत. साडेबाराला जेवायला जागे होतात. पुन्हा दीडला झोपले की पाचपर्यंत बघायला नको."

गेजसाहेबांनी वहीचं पान मागे उलटलं. मग म्हणाले, "रविवारी?"

"रविवारी नाही झोपत. तुम्हाला कसं कळलं?"

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी ते तिच्याकडे गेले. हातात फळांची पिशवी होती. साडेदहा वाजले होते. म्हातारा उताणा झोपला होता, तोंड किंचित उघडं. उजवा हात चादरीवर होता. दोन वर्षांत न हललेला तो हात. त्याचा अंगठा आणि दोन बोटं हळूहळू फिरत होती, बारीक काप घेताना लेथचं चाक फिरवतात तशी. थांबत होती, पुन्हा फिरत होती.

"नर्स म्हणते, हे चांगलं लक्षण आहे," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "फक्त वजन उतरतंय. जेवण तर पहिल्यासारखंच आहे."

पलंगाच्या वर भिंतीवर कॅलेंडर होतं. दर सोमवारी नर्स येऊन वजन करायची आणि चौकोनात आकडा लिहायची. गेजसाहेबांनी आकडे वाचले. पंचेचाळीस. त्रेचाळीस. एकोणचाळीस. आजच्या चौकोनात ताज्या शाईने छत्तीस.

आपल्या वहीतले आकडे त्यांना पाठ होते. अकरा, तेरा, सतरा. बेरीज करायला कागद लागत नव्हता. छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न.

"मशीन इथून गेलं तेव्हा किती होतं यांचं वजन?"

"मशीन तुम्ही नेलं त्याच दिवशी केलं होतं. छप्पन्न," ती म्हणाली.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मशीन परत घ्या, एवढे तीन शब्द. ते चहा प्यायले, काळजी घ्या म्हणाले आणि घरी आले. सरळ गॅरेजमध्ये गेले. जेवणाच्या सुट्टीत पिशव्या मांडल्या. वीस किलो.

चौतीस वर्षं त्यांनी लोकांना एकच गोष्ट शिकवली होती, की घाईने निष्कर्ष काढू नका, अजून एकदा मापा. तर त्यांनी अजून एकदा मापलं. मग आणखी एकदा. दर वेळी आकडा बरोबर येत होता, आणि खोटं कशाला बोला, तो बरोबर येताना आत कुठेतरी त्यांना बरं वाटत होतं. स्टुलावर बसून ते त्या रिकाम्या जागेकडे बघत. तिथे कोणी नव्हतं. ट्यूबचा उजेड होता, लेथची तेलकट पाठ होती, आणि काचेत एक रेघभर सरकलेला बुडबुडा. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी मुलीचाच फोन आला. "सहज केला," ती म्हणाली. तिचा आवाज सहज नव्हता. "आज चादर बदलताना मी बाबांना एकटीने उचललं. एका हाताने. मला वाटलं होतं तिघं लागतील."

त्याच संध्याकाळी गेजसाहेबांनी टेम्पो ठरवला.

"एवढ्या हौसेने आणलंत," बायको म्हणाली, "आणि सुरूही न करता परत?"

"लेथचा बेड पिळलेला निघाला."

कुठल्याही नगावर त्यांनी आजवर खोटा शेरा मारला नव्हता. हा पहिला. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि कपड्यांची बादली उचलली.

लेथ गुरुवारी सकाळी गेला. दहा-अकरा टेम्पोतून सोबत गेला. गेजसाहेब गेले नाहीत. त्यांनी पत्र्याच्या चकत्या गोळा केल्या, कोबा झाडला, बोल्टची भोकं सिमेंटने बुजवली आणि फोनची वाट बघत बसले.

दुपारी फोन आला. मुलगी होती.

"मशीन पोचलं. त्यांच्या पलंगाजवळच लावलं, दिसेल असं." ती म्हणाली. "बाबा बोलले."

"काय म्हणाले?"

"वर्षाने बोलले. मला वाटलं, रडतील. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हे कुणाचं?"

गेजसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, बाबा, तुमचंच. तर मान हलवली त्यांनी. भिंतीकडे तोंड केलं."

"आणि वजन?"

"ते उद्या बघू," ती म्हणाली. "नर्स म्हणते, काटाच बिघडला असेल."

फोन ठेवून गेजसाहेब उठले. गॅरेज आता मोठं वाटत होतं. उजव्या भिंतीशी लेथच्या पायांचे चार फिकट चौकोन उरले होते. त्यांनी लेव्हल पेटीतून काढली, कोब्यावर ठेवली आणि एका टोकाखाली चकती सरकवायला बसले.

बसण्याची गरज नव्हती हे त्यांना कळत होतं. मशीन गेलं होतं. तरी सवय.

बुडबुडा मध्यावर आणला. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ते शटरजवळच्या स्टुलावर जाऊन बसले.

दीडला बुडबुडा सरकला. दोन रेघा, जवळजवळ पुऱ्या.

ते पाचपर्यंत बसून राहिले. पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच.

बुडबुडा परत आला नाही.

आतलं दार उघडलं. बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली. "अंधारात काय बसलाय?" म्हणत तिने ट्यूबचं बटण दाबलं आणि अंगणाच्या दाराकडे निघाली. समोर अख्खं गॅरेज मोकळं होतं. ती सरळ चालत आली, आणि टर्नरच्या त्या जागेशी येताच अंग चोरून, बादली दुसऱ्या हातात घेऊन, किंचित वळली.

"सरका जरा," ती म्हणाली.

ती हे त्यांना म्हणाली नव्हती. त्यांच्याकडे तिची पाठ होती.

ती बाहेर गेली. दोरीवर ओलं कापड झटकल्याचा आवाज आला.

गेजसाहेब लेव्हलवर वाकले. तिच्या पावलांनी हललेला बुडबुडा हळूहळू स्थिर होत होता. स्थिर झाला तेव्हा तो ती येण्याआधीच्या जागी नव्हता. अर्धी रेघ बाजूला होता.