करंजगावचा ठिपका

चार नंबरच्या खिडकीत बसून एक मिनिट इंग्रजी बोलायचं, एवढंच काम असे. विषय कोणताही चाले. बहुतेक जण हवामानावर बोलत, काही जण आपल्या गावाबद्दल, आणि एका गृहस्थांनी तर मिनिटभर सरकारलाच शिव्या दिल्या होत्या. यंत्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं. काय बोललं यापेक्षा कसं बोललं हे ते ऐकायचं आणि माणसाचं इंग्रजी वयाच्या पाचव्या ते चौदाव्या वर्षांत जिथे घडलं, तिथे नकाशावर ठिपका उमटवायचं. याला बोलखूण म्हणत. परदेशी नोकरीचा परवाना हवा तर पासपोर्टइतकीच बोलखूणही लागे.

संभाजीनगरच्या तक्रार कक्षात डॉ. मोहन तांबवेकर सहा वर्षं या ठिपक्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकत होते. उच्चारशास्त्रात जन्म घालवून शेवटी हे काम वाट्याला आलं याचा त्यांना पूर्वी राग यायचा. आता रागावण्याचाही कंटाळा आला होता. दिवसाला तीस तक्रारी आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, मशीन चुकलं. जरा खोदून विचारलं की लपवलेला मुक्काम बाहेर येई. पुढे पुढे त्यांनी खोदून विचारणंही सोडलं. मान खाली घालून ‘नामंजूर’ लिहायचं आणि चहा मागवायचा.

ईश्वरी खंदारे ही त्या दिवशीची एकोणिसावी. वय चोवीस, परिचारिका. परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयानं तिची निवड केली होती आणि रुजू व्हायला दोन महिने उरले होते. तिची बोलखूण होती, ‘स्कॉटलंड, ईशान्य किनारा. खात्री एक्क्याण्णव टक्के.’ अर्जात मात्र तिनं आपण कधीच परदेशी राहिलो नाही असं लिहिलं होतं. पूर्वीचा मुक्काम लपवला तर दहा वर्षं बंदी, असा त्या देशाचा नियम होता.

“सर, मी अजून विमान जवळून पाहिलं नाही,” ती म्हणाली. “जन्म करंजगावचा, शाळा करंजगावची. नर्सिंगला जालन्याला गेले तेच पहिल्यांदा बाहेर. हे मशीन काय म्हणायलंय, मला तर काहीच कळंना.”

“सगळे असंच म्हणतात.”

“मग एकदा तरी विचारा की सर, का म्हणतात ते.”

तांबवेकरांनी मान वर केली. करंजगाव हे नाव त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी जुनी प्रकरणं उघडली. सात महिन्यांत पाच मुली, पाचही करंजगाव तालुक्यातल्या, पाचही परिचारिका आणि सगळ्यांचा ठिपका स्कॉटलंडच्या त्याच किनाऱ्यावर. पाचही कागदांवर ‘नामंजूर’ आणि खाली त्यांचीच सही.

“तुला इंग्रजी कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. ‘तुम्ही’ म्हणायचं ते विसरूनच गेले.

“रणपिसे मॅडमनी. आमच्या तालुक्यात तेवढ्याच होत्या. आता ज्या शिकवतात त्याबी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.”

“आणि फोनवर? दिवसभर इंग्रजी ऐकता ना तुम्ही मुलं?”

“ऐकलंय लई. बोलले मॅडमशीच.”

शनिवारी दोघं करंजगावच्या एसटीत बसले. तांबवेकरांना पाठदुखी होती आणि रस्ता वाईट होता, तरी फार दिवसांनी ते आपल्या विषयावर बोलत होते.

“तुझं जालन्याकडचं मराठी आणि माझं चिपळूणचं, यात फरक आहे की नाही? का आहे? तुझ्या पणजीला माझ्या पणजीशी बोलायची कधी वेळच आली नाही म्हणून. इंग्रजीचंही तेच. मध्ये डोंगर आला, खाडी आली, की पाच-सात पिढ्यांत दोन तऱ्हा झाल्या. गलबतातून जे लोक जिथे उतरले, तिथे त्यांची तऱ्हा रुजली. आपल्याकडे ते मराठी, तेलुगू, बंगाली तोंडांत शिरलं आणि तसं तसं वळलं.”

“अन् फोनचं इंग्रजी?”

“नुसतं ऐकून शब्द येतात, तोंड सहसा वळत नाही. लहानपणी आपण ज्याला उत्तर देतो, त्याच्यासारखे बोलायला लागतो. यंत्र हेच धरून चालतं. फक्त त्याला माणसांचे घोळके माहीत आहेत. एखादी बाई एकटी सबंध तालुक्याला बोलायला शिकवील, हे ते बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही.”

एस्तेर रणपिसे तहसील कचेरीच्या मागे दोन खोल्यांत राहत. वय एकाहत्तर, पाठ ताठ. पाहुणे इंग्रजीबद्दल विचारायला आलेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्या सांगू लागल्या. तिथली मोठी परिचारिका मिस मॅक्रे, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ॲबर्डीनची. पाच वर्षांच्या एस्तेरला ती दिवसभर मागे हिंडवायची, पट्ट्या गुंडाळायला लावायची आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्रजीतच मागायची. एस्तेर चौदा वर्षांची असताना ती मायदेशी गेली.

“मी पोरांना कागदाची पट्टी तोंडासमोर धरायला लावायची,” बाई म्हणाल्या. “‘व्हॉट’ म्हटलं की त्यातल्या ‘ह’च्या वाऱ्यानं पट्टी हलली पाहिजे. नाही हलली की पुन्हा म्हण. चौतीस वर्षं केलं हे.”

“माझी तर चार दिवस हललीच नव्हती,” ईश्वरी म्हणाली.

“हा वारा आता लंडनमध्येही फारसं कुणी सोडत नाही, मॅडम,” तांबवेकर म्हणाले. “उत्तरेकडे थोडा उरलाय. आणि तुमच्या करंजगावात.”

त्यांनी पिशवीतून लहान यंत्र काढलं. बाई मिनिटभर बोलल्या. ठिपका स्कॉटलंडवर पडला, खात्री सत्त्याण्णव टक्के. बाई आधी हसल्या. मग ईश्वरीनं त्यांना बंदीची आणि त्या पाच मुलींची हकीकत सांगितली. बाई एकेकीचं नाव पुन्हा विचारत राहिल्या. सगळ्या त्यांच्याच वर्गातल्या होत्या.

“म्हणजे माझ्यापायी पोरी घरी बसल्या?”

“तुमच्यापायी कशा? सही माझी आहे,” तांबवेकर म्हणाले. त्यांना खूप लाज वाटली.

त्यांनी दोन रात्री जागून अहवाल लिहिला. दहा दिवसांत यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं मोठं नम्र उत्तर आलं. अहवाल बिनतोड आहे, असं त्यात म्हटलं होतं. करंजगाव तालुक्यातल्या दोनशे जणांचे आवाज नोंदवून द्या, की नकाशावर करंजगावचा स्वतंत्र ठिपका तयार होईल आणि सहाही मुलींवरची बंदी उठेल. दुसरा मार्ग नव्हता.

ईश्वरी फोनवर आनंदानं रडली. तांबवेकर मात्र पुन्हा एसटीत बसून करंजगावला आले, कारण एक गोष्ट त्यांना समोर बसून सांगायची होती.

“मॅडम, हे यंत्र आता परवान्यापुरतं राहिलेलं नाही. फोनवर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे आहे. तीन वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका जिल्ह्याला असाच ठिपका मिळाला. तोही माझ्याच अहवालावरून. पेढे आले होते मला. पुढे तिथल्या काही लोकांनी विम्यात लबाडी केली. आता त्या जिल्ह्याचं कुणीही, कुठूनही फोन केला तरी पहिल्या वाक्याला ओळखू येतं. घर भाड्यानं मिळत नाही, मुलाखतीचं बोलावणं येत नाही. कारण कुणीच सांगत नाही.”

“पोरांना आपलं बोलणं बदलता येत नाही?”

“चौदानंतर फार अवघड जातं. आज तुमची मुलं स्कॉटलंडची समजली जातात, म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. ठिपका पडला की ती जन्मभर करंजगावची. पुढे कुणी एकानं काही केलं, तर निस्तरायचं सगळ्यांनी. तुम्ही नको म्हणालात तर मी आवाज नोंदवून देणार नाही. पण मग त्या सहा जणींची दहा वर्षं जातील.”

बाईंनी उठून फोन घेतला आणि जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून बोलावलं.

रविवारी शाळेच्या पटांगणात रांग लागली. दुकानदार, कंडक्टर, दोन ग्रामसेवक, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळे मिनिटभर इंग्रजी बोलले आणि मॅडमच्या पाया पडून गेले. आपल्या गावाचं नाव नकाशावर येणार म्हणून कुणीतरी चिवड्याची पाकिटं वाटली. ईश्वरीही त्या पाच जणींना घेऊन आली होती. त्यातल्या एकीला तांबवेकर ‘माफ कर’ म्हणाले, तर ती गोंधळून “जाऊ द्या सर” म्हणाली. पाचच्या सुमारास दोनशेवा आवाज नोंदला गेला.

तांबवेकरांनी यंत्र बंद केलं. पटांगण रिकामं झालं होतं. बाई पायरीवर बसल्या होत्या आणि आज त्यांची पाठ वाकलेली दिसत होती.

“सहा पोरी सुटल्या, ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पण सर, मी अजून सकाळची शिकवणी घेते. उद्या पहिलीची नऊ पोरं येणार आहेत, सहा-सहा वर्षांची. त्यांच्यापुढं मी तोंड उघडू का नको?”