सात नंबरची बेल

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग मी स्वतः तिथे बसून अनुभवलाय.

रविवार होता. दुपारचे पावणेदोन. बाहेर लख्ख ऊन. रुग्णालयाचा तिसरा मजला.

भावोजी तिथले कॉम्प्युटर सांभाळतात. त्या मजल्यावर बारा खाटा. प्रत्येक खाटेला एक बेल. पेशंटने बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर वाजते. हा सगळा कारभार एका व्हर्च्युअल मशीनवर चालतो, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर समजा.

ती बेल टेबलावरून बंद होत नाही. खाटेपाशी जाऊन भिंतीवरचं हिरवं बटण दाबावं लागतं. तसं मुद्दामच केलंय, नाहीतर कोण उठतंय खुर्चीतून!

त्या रविवारच्या महिनाभर आधी भावोजींनी त्या मशीनचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं. एक बेल दाबून पाहिली. वाजली. झालं म्हणाले आणि घरी गेले. बाराही एकदम वाजवून पाहायच्या असतात, हे त्यांना ठाऊक होतं. कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी मशीन रखडायला लागलं.

आणि त्या दिवशी सात नंबरच्या खाटेवर त्यांची स्वतःची आई होती. खुब्याचं ऑपरेशन झालेली. बाई मोठी मानी. हाक एकदाच मारायची, दुसऱ्यांदा नाही.

तिने दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं. एकदाच.

टेबलावर बेल वाजली दोन वाजता.

सिस्टर धावत गेल्या. तोवर सगळं संपलं होतं.

बेल उशिरा वाजली हे भावोजींनी घरात कुणालाच सांगितलं नाही. ताईलाही नाही.

तर त्या रविवारी ते मशीनच्या मागे हात धुऊन लागले होते. मेमरी वाढवली. प्रोसेसर वाढवले. कंपनीचा माणूस फोनवर एकच सांगत होता, बंद करा आणि चालू करा. कॉम्प्युटरवाल्यांकडे दुसरं औषध नसतंच. मशीन काही हलेना.

शेवटी त्यांनी अडकून पडलेल्या बेलची यादी उघडली.

एकच नोंद होती...

खाट सात. आजची तारीख. एक वाजून वीस.

ती खाट महिनाभर रिकामी होती. गादी गुंडाळलेली. पेशंटचं बटण वायरसकट काढलेलं, आणि ते त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होतं.

त्यांनी नोंद पुसली.

ती परत आली.

बरोबर दोन वाजता... टेबलावर बेल वाजली.

सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "इथून बंद नाही होत ती. जवळ जावं लागतं."

भावोजी गेले. हिरवं बटण दाबलं. मग तिथल्याच खुर्चीत बसले. बेल थांबली. बाहेरून सिस्टर म्हणाल्या, मशीन एकदम पळायला लागलं. भावोजींचा जीव भांड्यात पडला.

ते उठले. दारापर्यंत आले...

बेल.

टेबलावरची स्क्रीन पुन्हा ठप्प.

परत जाऊन बसले. ठीक. उठले. बेल. त्यांनी ते मशीन मुळापासून नव्याने उभं केलं. नव्या यादीतली पहिलीच नोंद सातची होती. मग मात्र त्यांनी हात टेकले.

आई, काय हवंय तुला, असं किती वेळा विचारलं म्हणे.

याला आता दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात मी डबा घेऊन गेलो. भावोजी त्याच खुर्चीत होते. दाढी वाढलेली, मांडीवर लॅपटॉप. साहेब लोक खूश होते, तक्रार मिटली म्हणून.

"तू बस जरा. मी हातपाय धुऊन येतो," भावोजी म्हणाले.

मी बसलो. खरं सांगतो, मनात हसत होतो.

एक मिनिट गेलं असेल.

माझ्या कोपराजवळ... टिक.

कुणीतरी बटण दाबल्याचा आवाज. तिथे पेशंटचं बटण नव्हतंच. भिंतीत नुसतं भोक, वर चिकटपट्टी.

बाहेर बेल वाजायला लागली. माझी पाचावर धारण बसली. उठताही येईना.

भावोजी ओल्या हातांनी धावत आले. हिरवं बटण दाबलं. मग रिकाम्या खाटेवर हात ठेवला.

"आलो गं. इथेच आहे."

बेल थांबली.

मी म्हटलं, भावोजी, सोडा ही नोकरी. दुसरा कुणीतरी बघेल.

"सोडली होती रे," ते म्हणाले. "दोन दिवस घरी होतो. बारा नंबरच्या आजोबांची बेल अर्धा तास अडकली."

आजोबांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

ताई रोज मला फोन करून विचारते, हे घरी कधी येणार. मी सांगतो, मशीनचं काम चालू आहे. याहून जास्त काही सांगायला माझी जीभ रेटत नाही.