काकांची मांडणी

"डोळे मीट पोरी. आता सांग, बोटाखाली काय लागतंय?"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला अकरा वर्षं झाली. त्या आवाजाच्या माणसाबद्दलच सांगायचंय. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या महिन्यातला मंगळवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. भुतं अंधाराची वाट बघतात असं मलाही तोवर वाटायचं.

जागा म्हणजे मी नोकरी करते तो रेकॉर्डिंग स्टुडिओ. दोनच खोल्या. आतली इतकी बंदिस्त, की तिथं स्वतःचा श्वाससुद्धा परक्याचा वाटावा.

तिथं काका बसायचे, मला काम शिकवणारा तो आवाज त्यांचाच. नात्याचे नव्हेत, पण सगळ्यांचेच काका. जन्मापासून डोळ्यांनी अधू, आणि आवाजाच्या एडिटिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माउस त्यांना चालायचा नाही. "माझ्या टेबलावर उंदीर नको," म्हणायचे. सगळं काम कीबोर्डवर. कुठल्या बटणावर कुठलं काम, ती मांडणी त्यांनी स्वतः ठरवलेली. कॉम्प्युटरमध्ये ती बसवून दिली माझ्या नवऱ्यानं. तो स्टुडिओचा तंत्रज्ञ.

मोक्याच्या बटणांवर गोंदाचे वाळलेले थेंब. दाबण्याआधी काका त्या थेंबावर नखानं दोनदा वाजवायचे.

टक. टक.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक कोरडा, यांत्रिक आवाज त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होता. पण काम करताना ते तो बंद ठेवायचे. कानात गाणं असताना दुसऱ्या कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही. बोटांवर विश्वास होता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका म्हातारीची एकशे बारा गाणी रेकॉर्ड केली. पुढच्याच आठवड्यात ती गेली. नऊ तारखेच्या संध्याकाळी काकांनी सगळी गाणी निवडली, आणि दुसरी प्रत काढायचं बटण दाबलं.

गाणी पुसली गेली. कायमची.

"माझं बोट चुकलं नाही," एवढंच ते म्हणत राहिले.

"काका, वय झालं हो आता," असं त्यांना सांगणारी मीच होते.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. तीन महिन्यांत गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली.

तर, तो मंगळवार. नवा कॉम्प्युटर आणि नवा कंट्रोलर आलेला. आठ बटणं, गाणं पुढंमागं करायचं एक गोल चाक, आणि आवाज वरखाली करणाऱ्या, आपोआप सरकणाऱ्या आठ दांड्या.

"घे, तुझा नवा जावई," नवरा म्हणाला. "नखरे भरपूर आहेत, सांभाळ." आणि चहा टाकायला बाहेर गेला.

मी शॉर्टकट नेमायला बसले. पहिल्या बटणावर 'प्रत काढा'. 'कायमचं पुसा' मुद्दाम लांब, आठव्यावर. जतन केलं. यादी पुन्हा उघडली.

पहिल्यावर... 'कायमचं पुसा'.

मलाच हसू आलं. पुन्हा बदललं. पुन्हा उघडलं.

पहिल्यावर... 'कायमचं पुसा'.

तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचत बदललं. आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये...

टक. टक.

हेडफोन काढले. शांतता. पुन्हा लावले.

टक. टक.

मग चाक फिरलं. एकच घर. मागे. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

दांड्या एकामागून एक खाली आल्या. कुणी आठ पापण्या हळूच मिटाव्यात, तशा.

आणि म्हातारी गाऊ लागली...

*"दिवा मालवला तरी, वात उबदार राही,*
*गेला जीव म्हणे माझं, काम संपलंच नाही..."*

हे गाणं जगात कुठंच उरलं नव्हतं. गाणारी नव्हती, रेकॉर्डिंग नव्हतं. तरी माझ्या कानात ती श्वास घेत होती.

गाणं मध्येच थांबलं. पडदा काळा झाला. मग तो कोरडा, यांत्रिक आवाज...

"काकांची मांडणी. दोन बदल. तारीख नऊ. वेळ सकाळी सात चाळीस."

वाचून दाखवणारा तो प्रोग्राम या नव्या कॉम्प्युटरवर आम्ही कधी टाकलाच नव्हता. काकांची मांडणीही नव्हती. नंतर मी कोपरा न् कोपरा धुंडाळला. काही सापडलं नाही.

पण त्या क्षणी मला वेगळंच सुचलं. काका दहाला यायचे. आणि सकाळी सातला स्टुडिओची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

तो चहाचे दोन कप घेऊन दारात उभा होता.

"काय गं, चेहरा का पांढराफटक?"

"नऊ तारखेला सकाळी तू इथं काय करत होतास?"

कुठल्या महिन्यातली नऊ तारीख, हे त्यानं विचारलंच नाही.

कप ठेवताना चहा बशीत सांडला. "मला काय आठवतंय!" एवढं बोलून तो निघून गेला.

त्यानंतर चार दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. ज्याच्या कुशीत बारा वर्षं निर्धास्त झोपले, त्याच्याकडे पाठ करून जागी राहू लागले. स्टुडिओत आजही जाते. ते हेडफोन मात्र लावत नाही, दुसरे घेतलेत. तरी काम करताना मधूनच वाटतं, खुर्चीमागे कुणीतरी कान देऊन उभं आहे. काय ऐकायचं राहिलंय त्यांचं?

शनिवारी मी भांडी विसळत होते, तो पुसत होता. हातातलं ताट त्यानं खाली ठेवलं.

"मीच बदललं. 'नक्की पुसायचं का?' ही विचारणाही मीच बंद केली. वाटलं, एखादं गाणं जाईल, काकांना स्टुडिओचे मालक घरी बसवतील, खुर्ची तुला मिळेल. सगळी जातील असं वाटलं नव्हतं गं."

मी नळ बंद केला.

"आणि अजून एक," तो म्हणाला. "ते जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. तुला बोललो नाही. माझा हात धरून म्हणाले, 'बाळा, मांडणीला कुणाचा हात लागला होता का? एवढं सांग, म्हणजे सुखानं जाईन.'"

"मग?"

"मी म्हणालो, नाही काका. चूक तुमचीच."