तपासनीस चहा घेत नाही

पहिल्यांदा तो आत आला तेव्हा मीनू सैनी मरून रंगाच्या जुन्या कोटांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडून बटणं कापत होती. त्यानं तिलाच विचारलं, "मॅडम, लॉटचं रजिस्टर कोण लिहितं?"

"जी लिहिते तीच आज बटणं कापतेय. दोघी आल्या नाहीत."

बाहेर पानिपतचं जानेवारीतलं धुकं, आत उडणारी लोकर. एक पांढरा पुंजका येऊन त्याच्या मिशीवर बसला. तिनं सांगितलं नाही... दिवसभर तो त्यासकट फिरला.

तपासनीस विनीत कंबोज दर सहा महिन्यांनी कर्नालहून गिरणीत यायचा. परदेशी गिऱ्हाइकाला ब्लँकेटमधलं सूत कुठल्या जुन्या कपड्यांतून आलं त्याचा पुरावा लागे; त्याचं प्रमाणपत्र विनीतच्या सहीवर टिके. विनीत गोदामातलं कुठलंही ब्लँकेट उचलायचा आणि मीनूनं त्याचा माग काढायचा: सुतापासून ढिगापर्यंत, ढिगापासून कंटेनरपर्यंत. गिरणीचा चहा मात्र त्याला वर्ज्य. थर्मास स्वतःचा.

"विष घालत नाही आम्ही," दुसऱ्या खेपेला ती म्हणाली.

"घातलंत तर निदान रिपोर्टमध्ये लिहिता येईल. चहाचं काय लिहू?"

"गोड होता म्हणून लिहा."

"तीच तर भीती आहे," तो म्हणाला, आणि उगाच कागद चाळत राहिला.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी मीनूनं रजिस्टर ताडून पाहिलं आणि घोळ दिसला. चौदा नंबरच्या कंटेनरचे कागद यायचे होते, म्हणून तो माल बाजूला ठेवलेला. त्यातली तीन पोती निवडणीच्या बिमला चाचीनं सतरा नंबरच्या ढिगात ओतली होती. केव्हाच. त्याची ब्लँकेटंही विणून झाली होती.

"मरून ते मरून, बेटी," चाची म्हणाली. चाळीस वर्षं तिनं चिंध्या रंगानंच निवडल्या होत्या. "रंगाला गाव विचारतं का कोणी?"

विनीत विचारणार होता. आणि प्रमाणपत्र गेलं तर निवडणीच्या साठ बायका घरी, चाची सगळ्यात आधी.

तो थप्प्यांमधून चालला. मरूनपाशी थांबला... मग त्यानं पलीकडचं निळं उचललं.

निळ्याचा माग दोन तासांत लागला. मालक लालाजी हात चोळत हसले आणि फोन घ्यायला बाहेर गेले. विनीतनं सहीसाठी पेन उघडलं. सुटलो, असं मीनूला वाटायला हवं होतं. पण त्या कागदाखाली नाव त्याचं जाणार होतं.

"मरून उचला," ती म्हणाली.

"काय?"

तिनं सगळं सांगितलं. त्यानं सहीचा कागद बाजूला सारला.

"हे मला लिहावं लागेल, मीनूजी."

"लिहा."

"सतराची सगळी ब्लँकेटं बिनप्रमाणपत्राच्या साध्या मालात टाका. महिन्यानं पुन्हा तपासणी."

"तुम्हीच याल ना?"

"नाही," तो मान वर न करता म्हणाला. "दुसरं कोणी येईल."

महिनाभर तिला जेवण गोड लागलं नाही. दिवसा ब्लँकेटं वेगळी काढायची, चाचीला पोत्यांवर नंबर लिहायला शिकवायचं, आणि मनात एकच: आपण त्याच्या नजरेतून उतरलो.

आल्या त्या चड्ढा मॅडम, साठीच्या, जाड चष्म्याच्या. पोतं न् पोतं तपासून त्यांनी प्रमाणपत्र कायम ठेवलं. लालाजींनी देवाला हात जोडले. मीनूला राहवेना.

"कंबोज साहेब रागावलेत का?"

"रागावलाय? त्यानं या गिरणीवरून नाव काढून घेतलं. त्याच संध्याकाळी लिहून दिलं, इथं माझं मन गुंतलंय, माझ्या तपासणीवर विश्वास ठेवू नका." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणात, ते लिहिलं नाही. मला वाटलं, बिमलामध्ये."

ढिगामागून चाची खुदकन हसली.

रविवारी गिरणी बंद. मीनू पोत्यांचे नंबर ताडून पाहत होती. दारात विनीत उभा होता, बॅग नाही, थर्मास नाही.

"रजिस्टर हवंय?" तिनं विचारलं.

"नको. चहा मिळेल?"

ती उठली. उडत आलेला पुंजका पुन्हा त्याच्या मिशीवर बसला होता. या खेपेला तिनं तो दोन बोटांनी अलगद काढला.